ते वर्गात, मी सायकलवर



मागच्या महिन्यात केंद्रावरून फोन आला, "काकू, तुमच्या सायकलच्या सुट्टीबद्दल बोलाल का?" मी म्हटलं, बोलते, पण ती एकटीची सुट्टी नव्हती. आमचे हे फ्रेंच शिकायला गेले होते. त्यांच्या शिकण्याला मी माझी सुट्टी जोडून घेतली. ती कशी जोडली, कुठे अडलं आणि काय निभावलं, ते सगळं सांगते. तुमच्यापैकी कुणाला उपयोग झाला तर बरंच.

आमची मुलगी फ्रान्समध्ये असते. जावई तिथलाच. नातू पाच वर्षांचा. तो आईशी मराठीत थोडंफार बोलतो, पण मनापासून बोलायचं झालं की फ्रेंच. व्हिडिओ कॉल लागला की मी आपली "काय खाल्लं सोन्या?" म्हणून वेळ मारून नेते. यांना ते जमत नाही. दोन वाक्यं झाली की हे फोन माझ्या हातात द्यायचे आणि गॅलरीत जाऊन उभे राहायचे. बँकेत छत्तीस वर्षं लोकांशी बोलण्यात घालवलेला माणूस, आणि नातवापुढे मुका! एके दिवशी म्हणाले, "मी फ्रेंच शिकणार." मला वाटलं, चार दिवसांचं खूळ. पण आठ महिने मोबाइलवर शिकत राहिले. मग म्हणाले, "असं घरी बसून नाही येणार. पाँडिचेरीला चार आठवड्यांचा वर्ग आहे. तू पण चल. तेवढंच जेवणाचंही सोपं होईल."

मैत्रिणींनो, ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी पोळपाटावरचा हात थांबवला. म्हटलं, "येते. पण डबा करायला नाही. तुम्ही वर्गात असाल तेव्हा मी सायकल चालवणार."

माझ्या सायकलचंही सांगायला हवं. कॉलेजला असताना माझी लेडीज सायकल होती. लग्न ठरलं आणि ती मामाच्या मुलीला दिली. पुढे एकतीस वर्षं पायडलवर पाय नाही. एकावन्नाव्या वर्षी मुलाची जुनी सायकल काढली. पहाटे रंकाळ्याला एक फेरी, मग दोन. मग कळंबा, मग नरसोबाची वाडी. पन्हाळ्याचा चढ पहिल्यांदा न उतरता चढले तेव्हा वाघ दरवाजाशी बसून रडले होते. मग पुढे जरा हलकी, अरुंद टायरची, गिअरची सायकल घेतली. बूट पायडलला अडकवायची पद्धत शिकताना रंकाळ्याच्या कट्ट्यावर सगळ्यांसमोर उभीच्या उभी आडवी झाले. वय बावन्न. कोपर फुटलं ते फुटलं, पण लाज जास्त लागली. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता पहिली अडचण. घरी सासूबाई. वय पंच्याऐंशी. हिंडत्याफिरत्या आहेत, पण औषधं बघावी लागतात, रात्री कुणीतरी लागतं. महिनाभर सून घराबाहेर, तेही सायकल चालवायला, हे बोलायचं कसं? मी आठ दिवस घोळत राहिले. शेवटी भाकरी वाढताना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "जावा की. मी काय पळून चाललोय व्हय?" मग इचलकरंजीच्या नणंदबाईंनी दोन आठवडे घेतले, धाकट्या दिरांनी दोन. नणंदबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "वहिनी, दादा शिकायला जातोय ते समजलं, तुझं काय काम तिथं?" मी म्हटलं, "काही काम नाही म्हणूनच जातेय." त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन करून तारखा विचारल्या. सांगायचं एवढंच, की मदत मागताना आपण कारण मोठं करून सांगतो. आजारपण, देवदर्शन, बाळंतपण. "मला जायचंय" हेही कारण असतं.

पाँडिचेरीच का? पुण्या-मुंबईतही अलियान्स फ्रान्सेज आहे. ही संस्था १८८३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली आणि पाँडिचेरीतली शाखा १८८९ पासूनची. गाव पुष्कळ वर्षं फ्रेंचांच्या ताब्यात होतं. १ नोव्हेंबर १९५४ ला कारभार भारताकडे आला आणि कायदेशीर हस्तांतर १६ ऑगस्ट १९६२ ला झालं. त्या वेळी तिथल्या काही तमिळ कुटुंबांनी फ्रेंच नागरिकत्व ठेवलं. म्हणून आजही तिथं फ्रेंच बोलणारी तमिळ म्हातारी माणसं भेटतात. आमच्या घरमालकीणबाई त्यातल्याच. त्यांचे वडील फ्रेंच सैन्यात होते. रोज संध्याकाळी त्या ओट्यावर बसून यांची उजळणी घ्यायच्या. वर्गातल्या बाईंपेक्षा यांना त्यांचीच धास्ती जास्त.

आणि माझ्यासाठी कारण असं, की तो भाग सपाट आहे. आमच्यासारख्या गगनबावडा आणि आंबोलीकडे बघत मोठ्या झालेल्या बायकांना तिथला रस्ता म्हणजे ताटात वाढलेला. हवामानाचं मात्र नीट बघा. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. आपल्याकडे दिवाळीची सुट्टी म्हणून निघालात तर छत्री घेऊन बसाल. आम्ही पोंगल झाल्यावर, जानेवारीच्या मध्यात गेलो. मिरजेहून राणी चन्नम्मा धरली. सायकल लगेज ऑफिसात बुक करून ब्रेक व्हॅनमध्ये चढवली. बंगळुरूहून पुढे बस. तिथं पुढचं चाक काढून, जुन्या चादरीत गुंडाळून सायकल डिकीत आडवी ठेवली. डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा तो नाजूक भाग, वरच्या बाजूला येईल असा ठेवायचा, नाहीतर वाकतो.

हा "डिरेलर" शब्द फ्रेंच आहे, हे यांना तिथं वर्गात कळलं. रात्री मोठ्या कौतुकाने सांगायला आले. मी म्हटलं, "बसा, आणखी देते." आपल्याकडे लांब पल्ल्याच्या सायकलींचे जे उपक्रम होतात त्यांना ब्रेव्हे म्हणतात, चालवणाऱ्याला रांदोनर. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असतात. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायची बाराशे किलोमीटरची फेरी तर १८९१ पासूनची. आपल्या महाराष्ट्रातलेही सायकलवाले तिथं जातात. हे बघत राहिले. म्हणाले, "तुला माझ्या आधीच फ्रेंच येत होतं की!"

आता आमचा दिवस कसा असायचा ते सांगते. यांच्या तुकडीची वेळ सकाळची. दुपारी गृहपाठ. मी उजाडता उजाडता निघायची. तिथं त्या वेळी बायका दारात सडा घालून कोलम काढत असतात. आपल्या रांगोळीचीच बहीण. पहिल्या आठवड्यात मी फक्त गाव आणि ऑरोव्हिलच्या बाजूचे लाल मातीचे रस्ते केले, वीस-पंचवीस किलोमीटर. ऊन, पाणी, रहदारी यांची सवय व्हायला तेवढे दिवस द्यावे लागतात. दुसऱ्या आठवड्यात ईस्ट कोस्ट रोडने उत्तरेला मरक्काणम. तिथं दोन्ही बाजूला मिठागरं आहेत. एवढ्या सकाळी बायका अनवाणी मीठ वाहत होत्या. मी हेल्मेट घालून, दोन बाटल्या लावून तिथं थांबले तेव्हा मला माझंच कसंतरी झालं. त्यांच्यातल्या एकीने सायकलची घंटी वाजवून बघितली आणि सगळ्या हसल्या. नेहमीप्रमाणे कुणीतरी "एकटीच?" असं हातानेच विचारलं. मी मान हलवली. तिनं अंगठा वर केला.

त्या राज्यात बायका आणि सायकल ही गोष्ट काही नवी नाही. पाँडिचेरीच्या दक्षिणेला पुदुकोट्टई म्हणून जिल्हा आहे. तिथं १९९१ च्या सुमाराला साक्षरता मोहीम चालली होती. कलेक्टर बाई होत्या. त्यांनी आणि कार्यकर्त्यांनी लिहिणं-वाचणं शिकवताना सायकलही शिकवायला घेतली. खाणकामगार, नर्स, बालवाडीच्या बाई, शेतमजूर, हजारो जणी शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा जेंट्स सायकली घेतल्या. काहींना त्याच आवडल्या, कारण पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. मला हे तिथं जाण्याआधी माहीत होतं, पण मीठ वाहणाऱ्या बाईचा अंगठा बघितल्यावर ते खरं वाटलं.

भाषेचं म्हणाल तर, यांनी वर्गात फ्रेंच शिकली आणि मी रस्त्यावर तमिळ. तण्णि म्हणजे पाणी. एव्वळवु म्हणजे किती झाले. पोदुम म्हणजे पुरे. या तीन शब्दांवर महिना काढला. इडली वाढणारा हात थांबवायला "पोदुम" फार लागतं!

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी हे एकदम गप्प झाले. वर्गात सगळी वीस-बावीस वर्षांची मुलं. यांचं वय एकसष्ट. आकडे शिकवले आणि यांची गाडी अडली. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा. ऐंशी म्हणजे चार-वीस. पंच्याऐंशी म्हणजे चार-वीस-पाच. आयुष्यभर आकडेमोड केलेल्या माणसाला साधा फोन नंबर लिहून घेता येईना. मागच्या बाकावरची मुलं हसली, असं यांना वाटलं. हसलीही असतील. म्हणाले, "बस झालं. परत जाऊ या. या वयात हे होत नाही."

मी काहीच बोलले नाही. रोजच्यासारखा सासूबाईंना फोन लावला. त्यांनी यांना विचारलं, "काय शिकलास रे?" हे वैतागून म्हणाले, "आई, इथं ऐंशीला चार-वीस म्हणतात, काय सांगू तुला!" तर त्या म्हणाल्या, "मग त्यात काय? चार इसा म्हंजी ऐंशी. आमी बी तसंच मोजतो की. माझं वय सांग त्यास्नी, चार इसा आन् पाच."

हे थक्क. आपल्या घरातली म्हातारी आजवर अंडी, शेणी, कणसं विसाविसांनी मोजत आली, आणि यांनी दुसऱ्याच देशाची मोठी अवघड रीत म्हणून त्याचा धसका घेतला होता! मग मी माझ्या रंकाळ्यावरच्या पडण्याची आठवण करून दिली. म्हटलं, "मला बघून माणसं हसली होती. पण त्यातल्या एकानेच सायकल उचलून दिली होती. पडल्याशिवाय बूट सोडवायला येत नाही." हे दुसऱ्या दिवशी वर्गाला गेले. नंबर सांगायची वेळ आली तेव्हा मनात विसा धरल्या. ऐंशीच्या पुढे कधी चुकले नाहीत. सत्तर अजून चुकतात.

आता माझी चूक सांगते. ती लपवली तर या बोलण्याला काही अर्थ नाही.

पाँडिचेरीपासून साधारण सत्तर किलोमीटरवर जिंजीचा किल्ला आहे. कोल्हापूरच्या बाईने तिथं जाऊन जिंजी बघायची नाही, हे कसं चालेल? शिवाजी महाराजांनी हा किल्ला १६७७ साली घेतला. १६८९ साली राजाराम महाराज पन्हाळ्यावरून वेष पालटून निघाले ते इथंच आले. मोगलांनी सुमारे आठ वर्षं वेढा घातला, १६९८ मध्ये किल्ला पडला. कावळा नाक्यावर घोड्यावर बसलेल्या आपल्या ताराराणी, त्यांचंही त्या काळात जिंजीला वास्तव्य होतं. त्यांचा मुलगा शिवाजी, ज्याला पुढे गादीवर बसवून त्यांनी मोगलांशी झुंज दिली, तो १६९६ चा. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने बारा मराठा किल्ले जागतिक वारसा म्हणून नोंदले. त्यात अकरा महाराष्ट्रातले, आपला पन्हाळाही त्यात, आणि बारावा ही जिंजी.

तिसऱ्या आठवड्यात मी सकाळी निघाले. टिंडिवनमवरून साडेदहाला पोचले. तीन टेकड्या, त्यांना जोडणारा तट. राजगिरी चढले. वर उभं राहून खाली बघितलं आणि मनात आलं, कुठं पन्हाळा आणि कुठं हे. त्या काळात बायका लेकरांना घेऊन हा प्रवास कशा करत असतील! मी आपली नव्या टायरवर बसून आलेली. किती वेळ बसले कळलंच नाही. उतरून निघेपर्यंत दोन वाजले.

परतीला समुद्राकडून वारा समोर. सकाळी ज्या वेगाने आले त्याच्या निम्म्यानेही जाता येईना. एक पंक्चर झालं, ट्यूब बदलली. दुसरं झालं, ट्यूब संपली. टायरच्या दुकानात ठिगळ लावून घेतलं. त्यात मोबाइल बंद पडला. घरी पोचले तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते.

हे फाटकाशी उभे. दुपारपासून जेवले नव्हते. घरमालकीणबाईंनी पोलिसांत जायचं का विचारून ठेवलं होतं. यांनी आधी सायकल घेतली, भिंतीला लावली आणि मग जे बोलले ते बोलले. "मी तिथं वर्गात बसतो, पण लक्ष तुझ्यात. उद्यापासून सायकल बंद."

मीही दमलेली होते. म्हणाले, "तुम्ही वीस वर्षं फिरतीवर होता. तेव्हा मोबाइल नव्हते. दोन लेकरं घेऊन मी रात्री एसटीचा आवाज ऐकत बसायची. मी कधी म्हटलं का, उद्यापासून नोकरी बंद?"

त्यावर दोघंही गप्प. घरमालकीणबाईंनी ताटं वाढून आणली. आम्ही न बोलता जेवलो. मग हेच म्हणाले, "आवाज ऐकत बसायचीस? मला कधी सांगितलं नाहीस." म्हटलं, "विचारलं नाहीत." चौतीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट बोलायला आम्हाला जिंजीचं पंक्चर लागलं.

सायकल बंद झाली नाही. पण चूक माझी होती, ते मी मान्य केलं. एका दिवसात एकशेचाळीस किलोमीटर, वाऱ्याचा हिशेब नाही, ट्यूब एकच. दुसऱ्या दिवशी आम्ही वहीच्या मागच्या पानावर चार गोष्टी लिहिल्या. त्या तुम्हालाही सांगते.

एक, रस्ता आणि परतीची वेळ निघण्याआधी लिहून ठेवायची. दोन, प्रत्येक थांब्यावरून एक संदेश, बोलायची गरज नाही. सोबत छोटी पॉवर बँक हवीच. तीन, दोन जादा ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या आणि थोडी रोकड. पंक्चर घरी दहा वेळा काढून हाताला सवय करायची. चार, दुपारी एकच्या आत परतीच्या वाटेला लागायचं, किंवा मुक्काम करायचा. जिंजीला मुक्काम केला असता तर मी तो किल्ला शांतपणे बघितला असता.

बायकांच्या दोन गोष्टी आणखी. कपडे. आतून सायकलची गादीची चड्डी आणि वरून सैल पँट, लांब कुडता. कुणी वळून बघत नाही आणि सीटही बोचत नाही. कुडत्याची टोकं मात्र चेनपासून जपा, आणि ओढणी घरी. दुसरी, पाणी. लघवीला कुठं जायचं म्हणून आपण पाणी पीत नाही, आणि मग उन्हात चक्कर येते. पेट्रोल पंप, हॉटेल, मंदिराजवळचं स्वच्छतागृह, हे रस्ता ठरवतानाच बघून ठेवायचं आणि पाणी पीत राहायचं. खाण्याला मी आपलं कोल्हापूरचं भडंग आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू नेले होते. आणि एक, सायकल गुडघ्यांना सोसते, पण आपल्या वयात हाडांसाठी तेवढी पुरत नाही. चालणं आणि थोडं वजन उचलणं ठेवावंच लागतं.

शेवटचा आठवडा सगळ्यात चांगला गेला. संध्याकाळी समुद्राकाठचा रस्ता गाड्यांना बंद असतो. मी सायकल हातात धरून, हे वही हातात धरून, असं आम्ही चालायचो. हे दुकानांच्या पाट्या वाचायचे, मी दिवसभराचा रस्ता सांगायची. लग्नानंतर आम्ही इतकं बोललेलो मला आठवत नाही. दिवसभर वेगवेगळे राहिलो म्हणून संध्याकाळी सांगायला काही होतं.

परत आलो. पहिल्याच रविवारी नातवाचा कॉल लागला. हे फोन घेऊन बसले. दोघांचं काय चाललंय मला कळेना. नातवाने दोनदा यांचा उच्चार सुधारला, हे दोनदा म्हणाले. मग त्याने काहीतरी विचारलं. यांनी माझ्याकडे बघितलं, जरा थांबले, आणि म्हणाले, "एल् फे द्यू व्हेलो."

मी विचारलं, काय म्हणालात? तर म्हणाले, "तो विचारतोय आजी काय करते. मी सांगितलं, ती सायकल चालवते."

यांना याआधी कुणी विचारलं, बायको काय करते, तर उत्तर ठरलेलं असायचं. "काही नाही, घरीच असते."

मैत्रिणींनो, तुमच्या घरात कुणी काही शिकायला निघालं असेल, मुलगा, नवरा, लेक, तर त्यांच्यासोबत जरूर जा. जाताना एवढंच स्वतःला विचारा, ते वर्गात असतील तेव्हा मी काय करणार? सायकलच पाहिजे असं नाही. उत्तर मात्र निघण्याआधी घरात मोठ्याने सांगून ठेवा.

सासूबाई आत्ता शेजारच्या खोलीत रेडिओ लावून बसल्या असतील. त्यांना माझा नमस्कार. पुढच्या महिन्यात त्या चार इसा आणि सहा होतील.

नमस्कार.